कानाडोळा

डॉक्टर मार्तिनोविच बाई म्हणाल्या, चार दिवस अंधार.
चोळायचं नाही, रडायचं नाही,
भट्टीपाशी फिरकायचं नाही.
आणि घरात केसाळ कोण कोण आहे?
मी म्हटलं, नवरा. तोही आता तितकासा नाही.
त्या हसल्या नाहीत.
मग सांगितलं : तिसोन कुत्रा, मिगा मांजर.
"दाराबाहेर," त्या म्हणाल्या,
आणि कागदावर दोनदा रेघ मारली
त्या शब्दाखाली, जो मला
अजून वाचता येत नव्हता.

पुन्ता अरेनासमध्ये डिसेंबरात अंधार
मागून मिळत नाही.
रात्रीचे दहा वाजले तरी उजेड
सामुद्रधुनीवर पाय पसरून बसलेला.
एलादियोने खिडकीला घोंगडी ठोकली,
घोंगडीवर त्याच्या बापाचा ओव्हरकोट,
फटींत मैद्याची रिकामी पोती.
बाहेर वारा छपराचे पत्रे उचकटून बघत होता,
आत मी, दोन कोरे डोळे घेऊन
गादीवर, एखाद्या ठेवलेल्या पिठासारखी.

दुसऱ्या दिवशी दुखणं आलं.
लोक वाळू म्हणतात. वाळू नाही.
बुबुळामागे बसून कुणी
न थांबता कांदे चिरत होतं.
दर दोन तासांनी थेंब.
एलादियोचा हात कणीक मळायला घडलेला :
पहिला थेंब कानात, दुसरा नाकावर,
तिसरा नेमका पडला तेव्हा
दोघांनीही श्वास सोडला.

दाराच्या फटीत तिसोनचं नाक.
दिसलं नाही, ऐकू आलं.
आत ओढायचा, बाहेर सोडायचा,
मला थोडी थोडी करून
दाराखालून पलीकडे नेत असल्यासारखा.
मिगाने मात्र दिवसभरात नाद सोडला.
तिची सगळी माया माझा चष्मा टेबलावरून पाडण्यात,
आणि टेबलावर आता पाडण्याजोगं काही नव्हतं.

डोळ्याला डोळा लागेना तेव्हा
घराचे आवाज वेगळे वेगळे झाले.
बरणीचं झाकण. एलादियोची डावी चप्पल.
आणि एक हा : टक्.
जरा शांतता. फरशीवर नखं. पुन्हा टक्.
"काय वाजतंय रे?"
"तिसोन. खुर्ची कुणी सरकवली की असंच."
"कधीपासून?"
एलादियोने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.
मग आणखी घट्ट लावलं.

पाचव्या दिवशी पट्टीची लेन्स निघाली
आणि सगळं एकदम अंगावर आलं :
समोरच्या छपराचा एकूण एक खिळा,
माझ्या दंडावर भट्टीच्या खुणा, अकरा, मोजल्या.
कोचावर मिगाचे केस इतके
की आणखी एक मिगा विणून व्हावी.

मग तिसोन आला,
भिंतीला खांदा घाशीत.
खुर्चीपाशी थांबला, एक कान पुढे केला,
आणि माझ्या बाजूला, पण माझ्याकडे नाही, असं तोंड वळवलं.
त्याच्या डोळ्यांत दूध होतं.
थंडीत ठेवून साय धरलेलं.
तेरा वर्षं त्याला कुरवाळलं मी
साडेसात नंबरच्या काचेतून,
काचेवर वाफ, वाफेवर पीठ.
तो अडखळला की म्हणायची,
आंधळा आहेस का रे?

कानाडोळा मी केला.
त्याने खराखुरा केला :
कानाचाच डोळा.

तोंड चाटू द्यायला दोन आठवडे मनाई आहे.
म्हणून मी त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसते,
तो मणक्यावर ओलं नाक टेकवतो,
आणि रडायचीही मनाई आहे हे
मी मोठ्याने स्वतःला सांगते.

खुर्च्यांच्या पायांभोवती एलादियोने
खडूने गोल काढून ठेवलेत.
आता सरकवायच्या नाहीत.
रात्री प्लॅस्टिकच्या वाट्या डोळ्यांवर चिकटवून
पाणी प्यायला उठते. दिवा लावत नाही.
तिसोन पुढे, मी मागे.
खुर्चीशी तो वळसा घालतो.
टक्.
ही मी.